जमिनीवरून भिंतीवर : गोधडीची आणि प्रदर्शनाची गोष्ट

कर्जत आणि खालापूर ह्या दोन तालुक्यांच्या इतिहासावर कोणी बोलावयास उभा राहिला, की तो काय बोलणार हे आपणांस आधीच ठाऊक असते. कोंढाण्याची लेणी, बोरघाट, खोपोलीस नाना फडणिसांनी बांधविलेला तलाव, १८५६ साली पळसदरीवरून खोपोलीस आलेली आगगाडी, आणि १९४३ साली सिद्धगडावर देह ठेवणारे माथेरानचे भाई कोतवाल. हे सर्व सांगण्याजोगे आहेच, आणि ह्यापूर्वी ते अधिकारी माणसांनी सांगितलेही आहे. आम्ही आज जी वस्तू घेऊन आपल्यापुढे आलो आहोत ती घराच्या माळ्यावर, ट्रंकेच्या तळाशी किंवा दांडीवर वाळत पडलेली असते. ती वस्तू म्हणजे गोधडी. कोणी तिला वाकळ म्हणतात. तान्ह्या मुलाची असली तर दुपटे.

आमचा प्रश्न साधा आहे. जगात सुताच्या, चिंध्यांच्या, दोरांच्या वस्तू गेल्या पाऊणशे वर्षांत जमिनीवरून उठून भिंतीवर गेल्या. लंडन, न्यूयॉर्क, लोझान येथील मोठमोठ्या दालनांत त्यांची प्रदर्शने भरली, त्यांना कला म्हणून मान मिळाला, किंमतही मिळाली. आमच्या घरची गोधडी ह्या प्रवासात कोठे राहिली? आणि राहिली ते बरे झाले की वाईट? ह्याचे उत्तर शोधावयाचे तर गोधडीचा इतिहास पुरत नाही. प्रदर्शन नावाच्या संस्थेचाही इतिहास पाहावा लागतो.

परंतु आधी गोधडी म्हणजे काय हे नीट पाहू. आपण सर्वांनी ती पांघरली आहे, आणि म्हणूनच कदाचित पाहिलेली नाही.

नऊवारी लुगडे विटले, फाटले, तरी ते टाकून देत नसत. नऊ वार कापड म्हणजे थोडे नव्हे. काठ निराळे निघत, पदर निराळा निघे, आणि मधले अंग धुऊन धुऊन इतके मऊ झालेले असे की नव्या कापडाला तो मऊपणा पैसे देऊनही येत नाही. अशी दोन लुगडी वरखाली, आणि मध्ये धोतरे, सदरे, फाटकी चादर, जे असेल ते. शेतीची कामे आटोपली आणि ऊन कडक झाले की सारवलेल्या ओटीवर हे थर पसरावयाचे, सुरकुती हाताने काढावयाची, चारी कोपऱ्यांवर दगड किंवा वरवंटा ठेवावयाचा, आणि मोठ्या टाक्यांनी थर आधी जागच्या जागी बांधून घ्यावयाचे. मग खरे काम सुरू होई. कडेपासून धावदोरा घालीत आत यावयाचे, चौकोनात चौकोन, बोट-दीड बोट अंतराने, मध्यभाग गाठेपर्यंत. दोन बायका समोरासमोर बसल्या तर काम लवकर उरके आणि गोष्टीही होत. पावसाळ्याच्या आत हे झालेच पाहिजे, कारण एकदा घाटमाथ्यावरून पाऊस उतरू लागला की ह्या मुलखात चार महिने जाड कापड वाळण्याची आशा नसते, आणि गोधडीची गरज तर तेव्हाच असते.

धावदोरा हा शिवणकामातला सर्वांत साधा टाका. तथापि त्याने जे साधते ते साधे नाही. प्रत्येक टाका थरांना किंचित आवळतो, दोन ओळींमधले कापड फुगते, आणि त्या फुगीत हवा धरून राहते. ऊब कापडापेक्षा त्या हवेची अधिक असते. शिवाय फाटत आलेल्या कापडाचा ताण हजारो टाक्यांवर वाटला जातो. जे लुगडे नेसता येत नव्हते ते गोधडीत आणखी कित्येक वर्षे टिकते. ठिगळांची मांडणीही केवळ हाताला लागेल तशी नसते. एक कोपरा लाल आला तर समोरच्या कोपऱ्यात लाल यावा, काठ मध्ये न पडता कडेस जावा, हे शिवणारी ठरवीत असे. कोणी विचारले तर ती म्हणे, "बरे दिसते." चित्रकला शिकविणाऱ्या शाळांतही शेवटी ह्याहून वेगळे कारण सांगत नाहीत. फक्त शब्द अधिक असतात.

मराठी मनाने ह्या वस्तूला एकदा फार मोठ्या जागी नेऊन बसविले आहे. जनाबाईची कथा आपणांस ठाऊक आहे. पांडुरंग तिच्या झोपडीत आला, पहाटे घाईघाईने निघताना आपला शेला विसरला आणि तिची वाकळ पांघरून गाभाऱ्यात जाऊन उभा राहिला. पुजाऱ्यांनी दार उघडले तो देवाच्या अंगावर दासीची वाकळ! कथेत पुढे चोरीचा आळ येतो, सूळ येतो, त्याचे पाणी होते. आम्हांस येथे एवढेच म्हणावयाचे आहे की वाकळीला उंच जागी मांडून सर्वांनी ती पाहावी, ही कल्पना ह्या भाषेला परकी नाही. आणि ती वाकळ कोणाची हे त्या कथेत प्रत्येकाला ठाऊक आहे. पुढे जे सांगावयाचे त्याची कळ ह्याच गोष्टीत आहे. आमच्या काळातले गाडगे महाराज चिंध्यांचे पांघरूण अंगावर घेऊन हिंडले आणि लोक त्यांना गोधडे महाराज म्हणू लागले.

आता प्रदर्शनाकडे वळू. आज आपण ज्याला प्रदर्शन म्हणतो ते १८५१ साली लंडनच्या हाइड पार्कातील काचेच्या महालात जन्मास आले असे म्हणण्यास हरकत नाही. हिंदुस्थानचा विभाग तेथे फार गाजला. गालिचे, किनखाब, शाली, मलमली पाहून इंग्रज कारखानदार चकित झाले. पाठोपाठ १८५५ साली पॅरिसचे प्रदर्शन आले, आणि त्यासाठी मुंबई इलाख्यात जे नमुने गोळा झाले त्यांतूनच मुंबईच्या संग्रहालयाची कल्पना वाढीस लागली. राणीच्या बागेतले ते संग्रहालय २ मे १८७२ रोजी लोकांस खुले झाले. त्याच्या उभारणीत डॉ. भाऊ दाजी लाड आणि डॉ. जॉर्ज बर्डवुड ह्यांचा मोठा वाटा, आणि १९७५ पासून ते भाऊ दाजींच्याच नावाने ओळखले जाते.

ह्या संग्रहालयांत आणि प्रदर्शनांत काय ठेवावे? जे विकता येईल, ज्याचा व्यापार होईल, ज्याचा नमुना इंग्लंडच्या कारखान्यास उपयोगी पडेल, ते. गॅझेटियर लिहिणाऱ्यांची दृष्टीही व्यवहाराचीच होती. कर्जत तालुका १८९१ पर्यंत ठाणे जिल्ह्यात होता, त्यानंतर तो कुलाब्यात आला, आणि कुलाब्याचे रायगड झाले ते १९८१ साली. जिल्हे बदलले, नावे बदलली. परंतु घरी शिवलेली, घरीच वापरलेली, बाजारात न आलेली वस्तू कोणत्याही जिल्ह्याच्या उद्योगधंद्यांत बसेना. तिच्यावर कर नव्हता, तिचा भाव नव्हता, तिला जात नव्हती की पेठ नव्हती. सरकारी कागदात जे येत नाही ते पुढे इतिहासातही येत नाही, हा नियम आमच्या इतिहासकारांना फारसा टोचलेला दिसत नाही.

गालिच्याचे तसे नव्हते. गालिच्याला परदेशात मागणी होती. ती भागविण्यासाठी सरकारने जी सोय काढली ती होती तुरुंगाची. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात आग्रा, लाहोर, येरवडा अशा मोठ्या तुरुंगांत कैद्यांकडून गालिचे विणून घेण्यात येऊ लागले. आमच्या येरवड्यात विजापूरच्या आसार महालातील जुन्या, सुंदर गालिच्यांच्या नकला होत असत. मुंबई इलाख्यातील गालिच्यांच्या कामावर ट्विग नावाच्या अधिकाऱ्याने १९०७ साली एक प्रबंधच लिहिला. बर्डवुडना हे तुरुंगी गालिचे मुळीच रुचत नसत. १८८० साली प्रसिद्ध झालेल्या हिंदी कलाकौशल्यावरील आपल्या ग्रंथात त्यांनी त्यांवर कडक टीका केली. तुरुंगात मजुरी नाममात्र, म्हणून माल स्वस्त, म्हणून पिढीजात विणकर उपाशी, आणि नमुना साहेबाच्या आवडीचा म्हणून कलाही गेली, असा त्यांचा युक्तिवाद. बर्डवुड हे राज्यकर्त्यांपैकीच. त्यांच्या हळहळीत गावगाड्याविषयीचे पुष्कळसे स्वप्नरंजन आहे. पण हिशेब त्यांचा बरोबर होता.

ह्या साऱ्या प्रकाराचा कळस १८८६ साली लंडनला भरलेल्या वसाहती व हिंदुस्थान ह्यांच्या प्रदर्शनात झाला. त्यात वस्तूंबरोबर माणसेही मांडण्यात आली. चौतीस कारागीर आग्र्याहून नेले होते. ते रोज प्रेक्षकांसमोर बसून विणीत, घडवीत, कोरीत. त्यांना नेणारे डॉ. टायलर हे आग्र्याच्या मध्यवर्ती तुरुंगाचे अधीक्षक, आणि ते कारागीर बहुतांशी त्याच तुरुंगात धंदा शिकलेले. प्रेक्षकांपुढे मात्र ते पिढीजात कारागीर म्हणून आले. त्यांतील बक्षीराम कुंभाराचे वय १०२ वर्षे असे सांगितले जाई. राणीने त्यांना राजवाड्यात बोलावले, स्वोबोडा नावाच्या चित्रकाराकडून त्यांची चित्रे काढविली. ती चित्रे आजही आहेत. त्या माणसांचा माल कोणता आणि तो पुढे कोठे गेला, हे मात्र शोधावे लागते.

आग्र्याच्याच तुरुंगातून राणीच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त एक प्रचंड गालिचा विणून गेला. विंडसरच्या राजवाड्यातील वॉटर्लू दालनात तो अंथरलेला आहे. वजन सुमारे दोन टन. १९९२ साली विंडसरला आग लागली तेव्हा तो गुंडाळून बाहेर काढण्यास पन्नास शिपाई लागले म्हणतात. गालिच्याचा इतिहास लिहिणारे हे पन्नास शिपाई अगत्याने सांगतात. तो विणण्यास किती कैदी लागले, किती वर्षे लागली आणि त्यांची नावे काय, हे विचारावयास कोणी थांबत नाही.

येरवड्याचे नाव निघालेच आहे तर एक गोष्ट जाता जाता सांगितली पाहिजे. ज्या तुरुंगात राजेरजवाड्यांसाठी गालिचे निघत, त्याच तुरुंगात पुढे गांधीजींनी पेटीत मिटणारा चरखा सिद्ध केला. त्याला येरवडा चक्र असेच नाव पडले. एकाच आवारात सुताला दोन अर्थ मिळाले.

आमच्या बाजूनेही प्रदर्शनाचा विचार चालू होताच. ज्या न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली पुण्यात वसंत व्याख्यानांची प्रथा सुरू केली आणि ज्यांच्या पुण्याईने आपण आज येथे बसलो आहोत, त्याच रानड्यांनी १८९० साली पुण्यात औद्योगिक परिषद भरविली. त्याच सुमारास पुण्यात औद्योगिक संग्रहालय उभे राहिले. ते पुढे लॉर्ड रे ह्यांच्या नावाने चालले आणि आज महात्मा फुले संग्रहालय म्हणून घोले रस्त्यावर आहे. रानड्यांची दृष्टी देशाच्या उत्पन्नाची होती. यंत्र आणा, भांडवल उभारा, कारखाने काढा. ती दृष्टी त्या काळी योग्यच होती. फक्त तिच्यातही ओटीवर बसून शिवणाऱ्या बाईला जागा नव्हती.

ती जागा निदान काही दिवसांपुरती झाली डिसेंबर १९३६ मध्ये, खानदेशात फैजपूरला. राष्ट्रसभेचे हे खेड्यातले पहिले अधिवेशन. गांधीजींनी शांतिनिकेतनाहून नंदलाल बोस ह्यांना बोलावून घेतले आणि सांगितले की गावात जे मिळते त्यातच सर्व सजवावयाचे. बांबू, तट्टे, दोर, गवत, मातीची भांडी. नंदलालांनी टिळकनगरची उभारणी ह्या वस्तूंतून केली, आणि सोबत खादी व ग्रामोद्योगांचे प्रदर्शन भरले. आमच्या मते महाराष्ट्राच्या कलेच्या इतिहासात फैजपूरचे महत्त्व अजून नीट मांडले गेलेले नाही. शेतकऱ्याच्या घरातली रोजची वस्तू ही पाहण्याची वस्तू आहे, हे येथे हजारो शेतकऱ्यांनाच दाखविले गेले. लंडनच्या प्रदर्शनात पाहणारा एक आणि करणारा दुसरा होता. फैजपुरास दोघेही एकच होते.

स्वातंत्र्यानंतर सूत्र मुंबईकडे येते. पुपुल जयकर ह्यांच्या पुढाकाराने हातमाग मंडळाचे विणकर सेवा केंद्र १९५६ च्या सुमारास मुंबईत सुरू झाले. ह्या केंद्राची कल्पना अशी की चित्रकार आणि विणकर ह्यांना एका छपराखाली बसवावे. के. जी. सुब्रमण्यन तेथे होते. आमच्याच जिल्ह्यातील, अलिबागजवळच्या नागावात १९३६ साली जन्मलेले प्रभाकर बरवे १९६१ मध्ये ह्या केंद्रांच्या कामात शिरले आणि पुढची सुमारे दोन दशके त्यांनी नोकरी तेथेच केली. बरव्यांच्या चित्रांत वस्तू एकेकट्या, निवांत, रिकाम्या जागेत मांडलेल्या असतात. मागावरच्या नक्षीशी रोज पडलेल्या गाठीचा त्याच्याशी काही संबंध असावा असे आम्हांस वाटते. पण हा आमचा तर्क आहे.

ह्याच केंद्रातले दुसरे मराठी चित्रकार भास्कर कुलकर्णी. ह्यांच्याविषयी जरा थांबून बोलले पाहिजे. १९६६-६७ च्या बिहारच्या दुष्काळात पुपुल जयकरांनी त्यांना मिथिलेत पाठविले. तेथल्या बायका घराच्या भिंतींवर जी चित्रे काढीत ती कागदावर काढवून घ्यावयाची, म्हणजे ती विकता येतील आणि चूल पेटेल, अशी योजना. मधुबनीची चित्रे जगभर गेली ती ह्या कागदाच्या वाटेने. पुढे कुलकर्णी ठाणे जिल्ह्यातल्या वारली पाड्यांत हिंडले. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिणे हे वारल्यांत सवाशिणींचे काम. कुलकर्ण्यांना मात्र तेथे जिव्या सोमा म्हसे हा तरुण भेटला, जो विधी नसतानाही चित्रे काढी. १९७५ साली मुंबईच्या केमोल्ड दालनात म्हशांचे प्रदर्शन भरले. २०११ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ मध्ये ते वारले.

ह्या हकिगतीत आनंद मानावा तितका थोडाच. एका वारली माणसाचे नाव जगाने उच्चारले. तथापि इतिहास सांगणाऱ्याने एवढे लक्षात आणून दिले पाहिजे, की मिथिलेत कागदावर आलेली कला बायकांची होती आणि त्यांची नावे राहिली. वारल्यांत भिंत सवाशिणींची होती, पण कागदावर नाव आले ते पुरुषाचे. वस्तू जागा बदलते तेव्हा तिच्यावरचा हक्कही हलतो. तो कोणाकडे जाईल हे आधी ठरलेले नसते.

ह्याच वर्षांत पाश्चात्त्य देशांत सुताची आणि दोराची वस्तू भिंतीवर, आणि भिंतीवरून दालनाच्या मध्यभागी आली. स्वित्झर्लंडातील लोझान येथे १९६२ पासून दर दोन वर्षांनी विणलेल्या पटांचे मोठे प्रदर्शन भरू लागले. न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयाने १९६९ मध्ये असेच प्रदर्शन केले. मुंबईच्या नेली सेठना आणि मोनिका कोरिया ह्या दोघींनीही अमेरिकेत मारियान स्ट्रेंगेल ह्या मूळच्या फिनलंडच्या विणकर बाईंकडे धडे घेतले होते. मोनिकाबाईंनी एक नामी युक्ती काढली. मागाची फणी विणताविणता काढून घेतली तर उभे धागे आपली सरळ रेघ सोडून मोकळे फिरतात, आणि पटावर झाडाच्या अंगासारखी वळणे उमटतात. ह्याच्याही पुढे गेल्या मृणालिनी मुखर्जी. जन्म मुंबईचा, १९४९ चा. शिक्षण बडोद्यास सुब्रमण्यनांच्या हाताखाली. त्यांनी माग सोडूनच दिला. सणाच्या दोरांना रंगवून, हाताने गाठी मारमारून त्यांनी माणसाच्या उंचीच्या मूर्ती उभ्या केल्या. देवता म्हणावे तर देवता, वनस्पती म्हणावे तर वनस्पती. २०१५ मध्ये दिल्लीत त्यांचे मोठे प्रदर्शन उघडले आणि थोड्याच दिवसांत त्या गेल्या. २०१९ मध्ये न्यूयॉर्कला तेच काम पाहण्यास लोक लोटले. गुरांच्या गोठ्यात ज्या गाठी आपण रोज मारतो, त्याच जातीच्या त्या गाठी.

हे झाले शिकलेल्या कलावंतांचे. पण घरच्या बायकांनी घरासाठी केलेल्या वस्तूंचे काय? येथे अमेरिकेतील एक प्रकार आमच्या कामाचा आहे. मेन प्रांतात आणि कॅनडाच्या किनाऱ्यावर कोळ्यांच्या आणि शेतकऱ्यांच्या बायका थंडीसाठी एक जाजम करीत. गोणपाटाचा तुकडा चौकटीवर ताणावयाचा, जुन्या लोकरी कपड्यांच्या पट्ट्या कापावयाच्या, आणि लाकडी मुठीच्या आकड्याने त्या पट्ट्या गोणपाटाच्या भोकांतून एकेक फास करून वर ओढावयाच्या. फुले, बोटी, मांजरे, काय वाटेल ते चित्र. ही कला १८५० नंतर तेथे एकदम का पसरली? कारण तेव्हा गोणपाटाची पोती तेथे स्वस्त झाली. आणि ते गोणपाट आले कोठून? त्याचा ताग बंगालचा! आमच्या शेतकऱ्याने कापलेला, नदीत कुजविलेला ताग स्कॉटलंडच्या डंडी गावी विणला जाई आणि धान्याची, कॉफीची पोती होऊन अटलांटिक ओलांडी. त्या पोत्यावर तिकडच्या गरीब बाईने आपल्या नवऱ्याचा फाटका कोट गुंफला. त्या जाजमांची आज संग्रहालयांत आणि मेळाव्यांत थाटाने प्रदर्शने होतात. एडवर्ड फ्रॉस्ट नावाच्या फेरीवाल्याने १८६० नंतरच्या दशकात पत्र्याचे ठसे कापून तयार नक्षी छापून विकावयास सुरुवात केली, तेव्हापासून अस्सल कोणते आणि साच्याचे कोणते हा तंटा तेथे चालू आहे. हा तंटा आपल्याकडेही येणार, हे ओळखून असावे.

दुसरे उदाहरण अलाबामातील जीज बेंड ह्या खेड्याचे. गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्या लोकांच्या वंशजांचे हे गाव, नदीच्या वळणात अडकलेले. तेथल्या बायका शेतात वापरून झिजलेल्या विजारींच्या गोधड्या शिवीत. २००२ साली ह्यूस्टनला आणि नंतर न्यूयॉर्कच्या व्हिटनी संग्रहालयात त्या भिंतीवर लागल्या तेव्हा समीक्षकांनी त्यांची तुलना थोर आधुनिक चित्रकारांशी केली. २००६ मध्ये त्यांची टपालतिकिटे निघाली. २००७ मध्ये गावच्या काही बायका न्यायालयात गेल्या. आमच्या गोधड्यांवरून, नक्षीवरून दुसऱ्यांनी पैसे मिळविले, आम्हांस योग्य वाटा मिळाला नाही, असे त्यांचे म्हणणे. पुढच्या वर्षी ते प्रकरण मिटले. प्रदर्शनाने मान येतो, मानामागून बाजार येतो, आणि बाजारामागून हिशेब येतो. हिशेब आधी लिहून ठेवलेला बरा.

जवळचे उदाहरण हवे असेल तर उत्तर कानड्यातील सिद्दी बायकांचे पाहावे. हल्याळ-यल्लापूरच्या रानातील हे लोक आफ्रिकेतून आलेल्यांचे वंशज. जंजिऱ्याच्या सिद्दींमुळे आपल्या जिल्ह्याला हे नाव अपरिचित नाही. ह्या बायका कवंदी शिवतात. तीही आपल्या गोधडीसारखीच कडेकडून आत येणारी, वर ठिगळांची उधळण, आणि चारी कोपऱ्यांवर घडी घातलेल्या कापडाचे फूल. ते नसेल तर कवंदी नागडी समजतात. ह्या शतकाच्या आरंभी त्यांनी सहकारी गट काढला आणि त्यांच्या कवंद्या अमेरिकेत प्रदर्शित झाल्या.

आणि बंगालची कांथा! तिला गुरुसदय दत्त ह्यांच्यासारखा संग्राहक मिळाला. सनदी नोकरीत असताना हा मनुष्य गावोगाव हिंडून कांथा जमवी. स्टेला क्रॅमरिशसारख्या विदुषीने त्यांवर लिहिले. दत्तांच्या संग्रहात मानदासुंदरी नावाच्या बाईची एक कांथा आहे. वडिलांसाठी शिवलेल्या त्या कांथेवर तिने आपले नाव दोऱ्याने लिहून ठेवले आहे. राजवाड्यातल्या दोन टनांच्या गालिच्याला जे साधले नाही ते ह्या एका बाईने सुईने साधले.

महाराष्ट्राच्या गोधडीला दत्त मिळाले नाहीत, कुलकर्णी मिळाले नाहीत. अगदी अलीकडे गीता खंडेलवाल ह्यांनी आपल्या गोधड्यांवर इंग्रजीत एक सचित्र ग्रंथ केला. तो प्रसिद्ध केला फ्रान्समधील प्रकाशकाने. मराठीत त्या तोडीचे पुस्तक आमच्या पाहण्यात नाही. आणि वेळ फारसा उरलेला नाही. सुती लुगडे नेसणारी पिढी मावळली. नायलॉनच्या साडीची गोधडी घसरते, घाम शोषीत नाही, टाका धरीत नाही. पानिपतच्या गिरण्यांतले ब्लँकेट इतके स्वस्त आहे की पंधरा दिवस बसून शिवण्याचे कारण उरत नाही. ज्या सुनेने सासूला शिवताना पाहिले ती आता स्वतः आजी आहे. ह्या बाईला आपण वेडी आशा दाखवू नये की गोधडी विकून तिचे घर चालेल. कर्जत-नेरळच्या आसपास मुंबईकरांची शेतघरे झाली आहेत. तेथले पाहुणे एखादी गोधडी हौसेने घेतीलही. पण हौसेच्या भावाने तालुका पोसत नाही.

मग प्रदर्शन कशासाठी? आमचे मत असे, की ते प्रथम आपल्यासाठीच भरवावे. पंचवीस-तीस गोधड्या जमल्या तरी पुष्कळ. ठाकूरवाडीतील, कातकरवाडीतील, आगऱ्यांच्या, मराठ्यांच्या, बौद्धांच्या, मुसलमानांच्या, खोपोलीच्या कामगार चाळीतील. प्रत्येक घरचा धावदोरा निराळा असतो, आणि तो शेजारी शेजारी लावल्याशिवाय निराळेपण दिसत नाही. गोधड्या विकत घेऊ नयेत, मागून आणाव्यात आणि परत पोचवाव्यात. पावतीवर शिवणारीचे नाव असावे, घरमालकाचे नव्हे. वस्तू धुवावयास देऊ नये. धुतले की त्या वयाचा दोरा तुटतो. हलक्या उन्हात झटकून, कसर लागली नसल्याची खात्री करून घ्यावी. काळ मार्गशीर्ष ते फाल्गुन, भिंती कोरड्या असताना.

लावण्याची रीतही सांगून ठेवतो, कारण ह्यात पुष्कळ वस्तू खराब होतात. खिळे ठोकू नयेत, चिमटे लावू नयेत. गोधडीच्या पाठीमागे वरच्या कडेला परकराच्या नेफ्यासारखी रुंद पट्टी हलक्या टाक्यांनी शिवावी, तीतून गुळगुळीत तासलेला बांबू सारावा आणि बांबू दोन टोकांना दोरीने टांगावा. म्हणजे वजन एका जागी न येता सर्व रुंदीवर वाटले जाते. खाली हाताच्या उंचीवर कागद लावावा. त्यावर शिवणारीचे पूर्ण नाव, माहेरचे आणि सासरचे गाव, साल ठाऊक असेल तर साल, आणि सांगता आले तर कोणते ठिगळ कोणाच्या लुगड्याचे हे लिहावे. शक्य असेल तर ते तिला विचारून, तिच्यासमोर लिहावे, आणि लिहिलेले तिला वाचून दाखवावे.